हिशेब चुकता करू नका

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांचे पैसे मोजणं हाच माझा धंदा. चार आण्यांचा फरक पडला तरी रात्री उशिरापर्यंत वह्या चाळणाऱ्यांच्या परंपरेतला मी माणूस. म्हणूनच सांगतो ते जरा गंभीरपणे घ्या : मित्रांबरोबर प्रवासाला निघालात, तर खाण्याचा हिशेब ठेवू नका. ठेवणारा कोणी बरोबर असेल, तर त्याची रवानगी सामानाच्या डब्यात करा.

हा प्राणी हल्ली फार माजला आहे. गाडी कर्जतला थांबते. कोणीतरी फलाटावर उडी मारून वडे आणतो. पहिल्याच घासाला जीभ भाजते, सगळे एका सुरात हाशहुश करतात आणि नेमका तेव्हाच ह्या गृहस्थांच्या खिशातून मोबाइल निघतो. "प्रत्येकी बेचाळीस रुपये पन्नास पैसे. ह्याने अर्धा वडा जास्त खाल्लाय, त्याचे वेगळे लावतो." वडा घशाखाली उतरायच्या आत वसुलीची नोटीस! आम्ही बँकवालेसुद्धा थकबाकीदाराला घास गिळू देतो हो.

कर्जतला गाडी का थांबते, ठाऊक आहे ना? पुढे बोरघाट. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा खडा चढ. म्हणून बहुतेक लांबच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. (इतके उपयोगी बँकर मी आमच्या खात्यात पाहिलेले नाहीत.) घाट संपला की ती गुपचूप सुटतात. कुठल्या डब्याला किती ढकललं, याचं बिल मागे ठेवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, "अहो, पण फुकट्यांचं काय?" असतो ना! प्रत्येक कंपूत एक असतोच. बिल आलं की त्याला हात धुवायचे असतात. पण पाण्याच्या बाटल्या भरायला तोच उतरतो आणि वरचा बर्थ बिनतक्रार तोच घेतो. ही जमा कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि घरून आलेल्या डब्यांचं काय करणार? एक जण दशम्या आणतो, दुसरा शेंगदाण्याची चटणी, तिसरा नुसती भूक. भुकेचा भाव काढा पाहू! तिसऱ्याने चटणीला "वा!" म्हटलं नसतं, तर दुसऱ्याच्या प्रवासाचे पैसे वसूल झाले असते का?

तिकिटं वाटून घ्या, खोलीचं भाडं वाटून घ्या. माझी ना नाही. पण ताटापाशी थांबा. आमच्या कंपूतल्या एकाची नोकरी गेली. पूर्वी असं झालं की कोणी काही बोलत नसे. बिल आलं की दोघे-तिघे त्यावर झडप घालत आणि त्या भांडणात त्याचा खिसा सगळेच विसरत. आता मोबाइलवर पैशापर्यंत चोख वाटणी येते आणि मागोमाग आठवण करणारी घंटा वाजते. पुढच्या सहलीला तो म्हणाला, "अरे, पोट जरा बिघडलंय." पोट बिघडलं नव्हतं. चोख हिशेबाने त्याला घरी बसवलं होतं आणि वाटणीत एक पैचीही चूक नव्हती!

कायद्याने साधं कर्ज तीन वर्षांत मुदतबाह्य होतं. मित्राने चारलेल्या वड्याचं होत नाही. वीस वर्षांनीही तो चारचौघांत म्हणतो, "लेका, कर्जतला तुला वडा मी चारला होता!" मग तुम्ही त्याला मिसळ खिलवता आणि आता तो तुमचा देणेकरी होतो. अशी ही बाकी इकडून तिकडे फिरत राहिली पाहिजे. ती शून्य करायची घाई करू नका. कारण काउंटरवर येऊन कोणी पै न् पै चुकती करायला लागला, की आम्हा कारकुनांना लगेच कळतं : हा खातं बंद करायला आला आहे.