सोन्याच्या विटा मोजल्या, खलाशी कोण मोजणार?

मा. संपादक,


14 एप्रिल जवळ आला की मुंबई गोदीतल्या 1944 च्या स्फोटावर दरवर्षी लेख येतात आणि त्यांत सोन्याच्या विटा हमखास असतात. स्फोट झालेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर 31 पेट्यांत 124 विटा होत्या, एक वीट उडून दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली, काही विटा सत्तरच्या दशकापर्यंत गाळातून निघत राहिल्या. हे सगळे खरे आहे. त्या आगीत मेलेल्या 66 अग्निशामक जवानांची आठवणही निघते, आणि ती निघालीच पाहिजे. पण व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस गोदीत त्या दुपारी उभ्या असलेल्या जहाजांवरचे खलाशी, तिथले हमाल, बोटीवाले कोण होते? मृतांचा आकडा कोणी आठशे देतो, कोणी तेराशे. विटांची संख्या मात्र अचूक ठाऊक आहे.

'तिलावा'चेही तेच. ब्रिटिश इंडिया कंपनीचे हे जहाज 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि 23 तारखेला जपानी पाणबुडीने ते बुडवले. 280 माणसे गेली. त्या जहाजातल्या दोन हजारांहून अधिक चांदीच्या विटा 2017 मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आल्या आणि त्यांच्यावरच्या दाव्याचा वाद लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2024 मध्ये मिटला. माणसांसाठी मुंबईत स्मरणसभा झाली ती 80 वर्षांनी, 2022 मध्ये, तीही वंशजांनी चिकाटी धरली म्हणून.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त खलाशी आहे. सत्तरच्या दशकात जहाजावर चढलो तेव्हा युद्ध पाहिलेले सारंग आणि टंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, अजून नोकरीत होते. आमचे सारंग दोनदा बुडत्या जहाजातून वाचलेले. कोणत्या बोटीत कोण होता, पाण्याचे वाटप कसे झाले, कोणाला समुद्रात सोडावे लागले, हे ते क्रमाने, नावानिशी सांगत. कोणी लिहून घेतले नाही. आज ते नाहीत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेले आम्ही सत्तरी ओलांडली आहे. म्हणून हे पत्र.

अशा आठवणी जपण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, युद्ध इंग्रजांचे होते, त्यांच्या जहाजांवरच्या नोकरीचे आपल्याला काय? युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे जवळपास पाव मनुष्यबळ हिंदी होते. डेकवर कोकणातले, गुजरातेतले, खानपानाच्या खात्यात बहुतेक गोव्याचे. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या अंशावर राबणारी हीच माणसे 1939 मध्ये इंग्लंडच्या बंदरांत पगारवाढीसाठी संपावर गेली होती. तो इतिहास इंग्रजांचा कसा म्हणायचा? दापोली, गुहागरपासून साष्टी, बार्देशपर्यंतची किती घरे त्या मनीऑर्डरींवर उभी राहिली, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: तोंडी आठवणी भरवशाच्या नसतात, कागद पाहावा. कागद जरूर पाहावा, पण त्या काळी कागदाचेच तोंड बांधलेले होते. गोदीच्या स्फोटाची बातमी सेन्सॉरने अडवून धरली. जगाला ती आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून कळली आणि इथल्या वृत्तपत्रांना मे महिना उजाडेपर्यंत मोकळीक मिळाली नाही.

मुरगावचे प्रकरण तर याहून बोलके आहे. 1939 मध्ये 'एरनफेल्स', 'ब्राउनफेल्स', 'द्राखनफेल्स' ही जर्मन जहाजे आणि पुढे 'आन्फोरा' हे इटालियन जहाज तटस्थ पोर्तुगीज गोव्यात आसऱ्याला आले. झुआरीच्या मुखाशी ती नांगरून होती, जर्मन जहाजे तर साडेतीन वर्षे. 'एरनफेल्स'वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात असा इंग्रजांना संशय होता. 9 मार्च 1943 च्या रात्री 'कलकत्ता लाइट हॉर्स'चे पोक्त वयाचे स्वयंसेवक 'फीबी' नावाच्या गाळवाहू बार्जवरून आले आणि 'एरनफेल्स'वर चढले. त्या रात्री चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी आगी लावून बुडवली. तटस्थ बंदरातला हल्ला म्हणून इंग्रजांनी याची वाच्यता केली नाही. 1978 मध्ये जेम्स लीसर यांचे पुस्तक आले, 1980 मध्ये 'द सी वूल्व्ज' चित्रपट आला, तेव्हा जगाला कळले. मधली 35 वर्षे ती आग वास्को-मुरगावच्या लोकांच्या बोलण्यात होती. चित्रपट त्या गोऱ्या स्वयंसेवकांचा आहे. बंदरावरच्या माणसांनी काय पाहिले ते त्यात शोधू नये.

बुडालेल्या जहाजाची निगा इंग्लंडमध्ये कशी राखतात तेही पाहा. थेम्सच्या मुखाशी शीरनेस गावासमोर 'रिचर्ड माँटगोमेरी' हे अमेरिकी जहाज ऑगस्ट 1944 पासून रुतून आहे. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके, म्हणजे जवळपास 'फोर्ट स्टिकीन'वर होती तेवढीच. डोलकाठ्या पाण्यावर दिसतात. त्याला कायद्याचे संरक्षण आहे, भोवती बोये आहेत, नियमित पाहणी होते आणि तिचे अहवाल लोकांसमोर येतात. आपल्याकडे पुरावस्तूचा कायदा 1972 चा. शंभर वर्षे झाल्याशिवाय वस्तू त्यात बसत नाही. 1942 च्या जहाजाची घंटा, 1944 चा गोदीतला तुकडा, हे सारे 2042 नंतरच 'पुरावस्तू' होणार. तोवर भंगारवाला थांबेल का?

मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मृतिग्रंथ आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची आणि नौसैनिकांची सुमारे साडेसहा हजार नावे त्यात आहेत. तशीच एक प्रत चितगावला आहे. ही नावे लंडनच्या टॉवर हिलवरील व्यापारी खलाशांच्या स्मारकावर नाहीत. ती आपल्या लोकांपर्यंत पोहोचवायची तर हा ग्रंथ गावागावांत गेला पाहिजे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या आणि गोव्याच्या ग्रंथालयांनी त्यातली आपल्या भागातली नावे उतरवून घ्यावीत आणि भिंतीवर लावावीत. धोबीतलावच्या ज्या गोवेकरी कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक निवासस्थाने, अजून चालू आहेत आणि गावजमातींच्या ज्या खोल्या मुंबईत उरल्या आहेत, तिथल्या जुन्या वह्या कोणा विद्यार्थ्याने निदान फोटो काढून ठेवाव्यात. मुरगाव बंदराच्या दर्शनी जागी त्या चार जहाजांची माहिती मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लागावी. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

संपादक महाराज, आपणही पुढच्या 14 एप्रिलला विटांचा लेख एक वर्ष बाजूला ठेवावा आणि त्या जागी वाचकांकडून खलाशांच्या आठवणी मागवाव्यात. ज्यांच्या घरी आजोबांचे सीडीसी (खलाशाचे नोकरीचे नोंदपुस्तक), पत्र किंवा जहाजावरचा फोटो असेल त्यांनी तो रद्दीत देऊ नये, मागे नाव-गाव-जहाज लिहून ठेवावे आणि जवळच्या ग्रंथालयाला दाखवावे.

आपला,
एक निवृत्त खलाशी,
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी