टेन्शनचा आळ

‘टेन्शन घेऊ नकोस, मन शांत ठेवलंस की राहील.’ आयव्हीएफ करून घेणाऱ्या बाईला सासूबाई, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण, क्वचित डॉक्टरसुद्धा असा धीर देतात. त्यात धीर कमी आणि आळच जास्त. राहिलं नाही, तर तूच टेन्शन घेतलंस, हा त्याचा उत्तरार्ध कुणी उच्चारत नाही. तिला मात्र तो स्पष्ट ऐकू येतो.

हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती छापली. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि उपचारांच्या त्या फेरीचं, म्हणजे सायकलचं, यशापयश यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

‘पण योगासनं, ध्यान करून बिघडतं काय?’ काहीच नाही. झोप लागावी म्हणून खुशाल करावं. गर्भ राहिला का ते सांगणारा बीटा रिपोर्ट चांगला यावा म्हणून करायला लावलं, तर तीही एक परीक्षा होते आणि नापास पुन्हा तीच.

मग आधार द्यायचा कशासाठी? तिला त्रास होतोय म्हणून. गर्भ राहण्याची शक्यता त्याने वाढो न वाढो. रोजची इंजेक्शनं, सोनोग्राफीच्या फेऱ्या, भूल देऊन बीजं काढणं, आणि गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे (ट्रान्सफरनंतरचे) ते साधारण दोन आठवडे, ज्यांत तिच्या हाती वाट बघण्यापलीकडे काही नसतं. दोष नवऱ्याच्या शुक्रजंतूंत असला तरी सुया हिलाच! त्यात जावेचं डोहाळजेवण. नाही गेली तर ‘जळते’, गेली तर हिला ओटी भरू द्यायची का, यावर स्वयंपाकघरात कुजबुज. अशा वेळी नवऱ्याने आपल्या आईला सरळ सांगावं, ‘आम्ही दोघंही येत नाही.’ मोबाइलवर येणाऱ्या ‘बी पॉझिटिव्ह’च्या चित्रांपेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

दवाखान्यांचीही सुटका नाही. २०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्यानुसार उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता यांबद्दल व्यावसायिक समुपदेशन देणं बंधनकारक आहे. संमतिपत्रांवर सह्या घेता घेता ते उरकता येतं, हीच अडचण. समुपदेशकाची गरज सर्वांत जास्त भासते ती रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर. त्या भेटीत पुढच्या सायकलच्या खर्चाचा कागद टेबलावर नसावा, आणि ‘आता मला थांबायचंय’ असं ती म्हणाली, तर तेही पूर्ण ऐकून घेतलं जावं.