शब्दविचार : ‘सेटलमेंट’ म्हणजे नेमके काय?

भाषांतर म्हणजे एका घागरीतील पाणी दुसऱ्या घागरीत ओतणे, अशी पुष्कळांची समजूत असते. साध्या शब्दांच्या बाबतीत ती निभावतेही. परंतु ज्या शब्दाच्या पोटी चार अर्थ नांदत असतात, तेथे ओतणाऱ्याचा हात अडतो. कारण समोर घागरी चार असतात आणि पाणी कोणत्या घागरीचे आहे, हे त्यालाच ठरवावे लागते.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते उमरेडच्या एका वाचक भगिनींच्या पत्राने. त्यांचा नातू अमेरिकेत शिकतो व शाळेत त्याने स्पॅनिश भाषा घेतली आहे. एका इंग्रजी उताऱ्यातील ‘सेटलमेंट’ या शब्दास कोशात अनेक प्रतिशब्द सापडल्याने तो गोंधळला व त्याने आजीस विचारले, “मराठीत याला एकच शब्द आहे का?” आजीबाई लिहितात, “त्याच आठवड्यात माहेरच्या वाड्यासंबंधीचा एक कागद माझ्याकडे सहीसाठी आला. त्याच्या माथ्यावरही हाच शब्द आहे. नातवास काय सांगू, आणि मी काय समजू?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वाटेने मिळेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम नातवाची अडचण पाहू. माणसांची वस्ती असेल, तर स्पॅनिशमध्ये ‘आसेन्तामिएन्तो’ म्हणतात. दोन पक्षांची तडजोड असेल, तर ‘आकुएर्दो’. हिशेब चुकता करावयाचा असेल, तर ‘लिकिदासिओन’. ‘कोलोनिया’ हाही शब्द आहे. परंतु मेक्सिको शहरात त्याचा अर्थ ‘मोहल्ला’ असा होतो. यात आपण नवल करण्याचे कारण नाही. आपला ‘वसाहत’ शब्द ‘वसाहतवादा’त परकीय सत्तेचा, तर ‘औद्योगिक वसाहती’त कारखान्यांचा; आणि उमरेडला कोळसा खाणीच्या कामगारांची वस्ती तर साऱ्यांच्या तोंडी ‘कॉलनी’च आहे.

या शब्दांच्या मुळाशी गेले असता मौज दिसते. इंग्रजी ‘सेटल’चे मूळ ‘आसन’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे व तो आपल्या संस्कृत ‘सद्’ धातूचा दूरचा आप्त होय. स्पॅनिश ‘आसेन्तामिएन्तो’ही बसण्यावरूनच आला आहे. मराठीतही ‘बसणे’ क्रियापदाचा संसार असाच विस्तृत आहे. धंद्यात जम बसतो, गढूळ पाण्याचा गाळ खाली बसतो, संसाराची घडी बसते. तेव्हा अनेक अर्थ बाळगणे हा काही इंग्रजीचा दोष नव्हे. मात्र ‘आकुएर्दो’चे मूळ ‘हृदय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे तडजोडीस दोन मने जुळावी लागतात, ही जाणीव त्या शब्दात आरंभापासून आहे.

आता घराकडे वळू. उमरेडच्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांत या इंग्रजी शब्दाचे एक निराळेच मराठी रूप आढळते, ते म्हणजे ‘बंदोबस्त’. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निवर्तले, पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या दशकात इंग्रज सरकारने जमिनीची मोजणी करून सारा ठरविला व मालगुजारांस गावांची मालकी दिली. ही सारी व्यवस्था म्हणजे ‘सेटलमेंट’, अर्थात बंदोबस्त. १९५० च्या कायद्याने पुढील वर्षी ती मालकी संपली. पण शब्द कागदांत राहिला. पश्चिम महाराष्ट्रात त्याच अर्थी ‘जमाबंदी’ शब्द रूढ झाला व तो ‘जमाबंदी आयुक्त’ या पदनामात आजही नांदतो आहे. बंगालमधील १७९३ च्या व्यवस्थेस आपल्या शालेय पुस्तकांनी ‘कायमधारा’ म्हटले. कोणा कोशनिष्ठाने ‘कायमची वसाहत’ लिहिले असते, तर शब्द भाषांतरित झाला असता आणि इतिहास बुडाला असता.

‘बंदोबस्त’ हा शब्द फारशीतील. त्याच्या मुळाशी बसणे नव्हे, बांधणे आहे. रयतेने काय भरावे, हे सरकार बांधून देते. येथे ठरविणारा वर आहे व ज्याच्यासाठी ठरले तो खाली. तडजोडीत दोघे समोरासमोर असतात. वस्तीत माणसे आपली आपण येऊन राहतात. इंग्रजी शब्द या तिघांवर एकच पांघरूण घालतो. मराठीत आणताना मात्र कर्ता कोण, हे उघड करावेच लागते.

आपल्या व्याकरणात तर त्याची सोयच आहे. गाव ‘वसते’ आणि गाव ‘वसविले’ जाते. देवगडच्या बख्त बुलंद शहाने बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले, असे सांगतात. ते पुढे खरोखर वसले. उलट, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्यापायी उमरेडच्या शेजारच्या कुही तालुक्यातील व भंडारा जिल्ह्यातील गावे उठवावी लागली. अहवालात त्यांच्यापुढे ‘सेटल्ड’ असे लिहून भागते. मराठीत लिहिणाऱ्याने विचारावे, ही गावे नुसती वसविली, की वसलीही? घरे बांधल्याने पहिले क्रियापद खरे होते. दुसरे खरे होण्यास रोजगार, पाणी आणि शेजार लागतो.

आता आजीबाईंच्या कागदाविषयी. १८९९ च्या मुद्रांक कायद्यात ‘सेटलमेंट’ची जी व्याख्या आहे, तिचे तात्पर्य असे : विवाहाप्रीत्यर्थ, कुटुंबीयांस वाटून देण्यासाठी अथवा धर्मादाय कार्यासाठी मालकाने आपल्या मालमत्तेची लावलेली, मृत्युपत्राहून निराळी अशी लेखी व्यवस्था. तेथे देणारा असतो व घेणारे असतात. परंतु ‘फॅमिली सेटलमेंट’ म्हणजे कुटुंबातील तंटा मिटविण्यासाठी सर्वांनी खुषीने केलेली तडजोड. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या निकालात सांगितले की, अशी तडजोड तोंडीही होऊ शकते. आधीच झालेल्या तडजोडीची केवळ नोंद ठेवणाऱ्या कागदास नोंदणीची सक्ती नाही. मात्र स्थावरावरील हक्क त्या कागदानेच निर्माण होत असतील, तर नोंदणी हवी. आणि तिसरी शक्यता अशी की, माथ्यावर ‘सेटलमेंट’ असून आतील मजकूर हक्कसोडपत्राचा असावा.

देणगी, तडजोड आणि हक्कसोड, यांत किती अंतर आहे! २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींस मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. म्हणून बहिणीने सही करण्यापूर्वी माथ्यावरील शब्दावर न थांबता आतील क्रियापदे वाचावीत : ‘देतो’ असे आहे, ‘आपसांत ठरविले’ असे आहे, की ‘सोडते’ असे आहे? मग तो कागद आपल्या विश्वासाच्या वकिलास दाखवून त्याचा अर्थ मराठीत सांगावयास लावावा. भावाविषयी अविश्वास म्हणून नव्हे. जे स्वखुषीने द्यावयाचे, ते समजून दिले तरच ते देणे ठरते.

नातवासही हेच सांगावे. कोश उघडण्यापूर्वी वाक्य पुरे वाच. कोण, कोणासाठी, कोणाच्या संमतीने, हे ठरव. मग स्पॅनिश असो वा मराठी, शब्द आपण होऊन पुढे येईल. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला, तेव्हापासून आपणांस प्रतिशब्दांची वाण कधी पडली नाही. निवड मात्र कोणताही कोश करून देत नाही.

जाता जाता एक सूचना. आपल्या घरांतून हल्ली ‘मुलगा सेटल झाला’ असे सर्रास म्हणतात. त्यास नोकरी लागली, त्याने घर घेतले, त्याचे लग्न झाले, की तो परदेशी कायमचा राहिला, यांपैकी काय घडले ते ऐकणाऱ्याने ओळखावयाचे! स्थळे पाहताना तरी वडीलधाऱ्यांनी हा शब्द बाजूस ठेवावा आणि विचारावयाचे ते स्पष्ट मराठीत विचारावे. पुष्कळ गैरसमज पत्रिका जुळण्याआधीच टळतील.