स्वस्ताईचं विमान

मिलानहून पॅरिसला अगदी स्वस्तात उडायचं असेल, तर बहुधा मिलानहून निघायचं नसतं आणि पॅरिसला उतरायचंही नसतं! विमान सुटतं पन्नासेक किलोमीटरवरच्या बेर्गामोहून आणि टेकतं बोव्हेला. हे बोव्हे पॅरिसपासून ८५ किलोमीटर. म्हणजे मुंबईच्या माणसाला घाट चढायच्या आत खोपोलीला उतरवून ‘आलं हो पुणं!’ म्हणण्यापैकीच. आकाशात दीड तास. बाकी अर्धा दिवस बसमध्ये आणि रांगेत. बॅगेचं भाडं निराळं. (ही म्हणाली, “मांडीवर घेते, पोर समजतील.”)

युरोपात २००८ पासून नियम आहे, की करांसकट अखेरचं भाडं जाहिरातीतच सांगायचं. उत्तम! मग शहर किती लांब नि बसला किती पडतील, तेही त्याच ओळीत छापा की! श्रीमंताचं काय, तो टॅक्सी करतो. मरण आहे ते पै पै जोडून निघालेल्या विद्यार्थ्याचं आणि लेकीला भेटायला आलेल्या आईबापांचं. रात्रीची शेवटची बस चुकली, की वाचवलेलं सगळं टॅक्सीवाल्याच्या खिशात.

आणि हो, तिकिटावर ‘पॅरिस’ लिहायची एवढी हौसच असेल, तर ते ‘बोव्हे’पेक्षा बारीक टायपात लिहा.