दोन डोळे पुरतात, म्हणे!

‘माणूस दोन डोळ्यांनी गाडी चालवतो, मग गाडीला कॅमेरे पुरे झाले की!’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. माणूस दोन पायांवर चालतो म्हणून आपण गाडीला चाकांऐवजी पाय बसवले नाहीत. शिवाय दोन डोळ्यांची कामगिरी काय आहे? २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सगळा दोष डोळ्यांचा नाही, हे कबूल. पण अंधार, धुकं, पाऊस आणि समोरून येणारा हायबीम यांच्यापुढे डोळा हतबल होतो, हे रात्री हायवेवर बाइक चालवणाऱ्या कुणालाही विचारा. मीही त्यांतलाच.

या युक्तिवादाला वजन आलं ते टेस्लामुळे. मे २०२१मध्ये या कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय गाड्यांतलं रडार काढून टाकलं. त्याआधी महिनाभर इलॉन मस्कने जाहीर सवाल टाकला होता : रडार आणि कॅमेरा यांचं पटलं नाही, तर विश्वास कुणावर ठेवायचा? त्याचं स्वतःचं उत्तर होतं, कॅमेऱ्यावर. कारण तो जास्त अचूक आहे.

प्रश्न हुशार आहे. उत्तर मात्र भांडकुदळ साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढून खटला सोपा करण्यातलं आहे. दोन साक्षीदारांचं जुळत नसेल, तर काहीतरी गडबड आहे एवढं तरी कळतं. एकच साक्षीदार ठेवला, तर तो चुकतोय हे कळायलाही मार्ग उरत नाही.

आता जरा हिशेब करू, कारण या वादात हिशेब कुणी करत नाही. गाडीतलं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. अँटेना ८ सेंटिमीटर रुंद धरली, तर तिची नजर साधारण ३ अंशांपेक्षा बारीक होत नाही. १०० मीटरवर हे ३ अंश म्हणजे ५ मीटर. एक लेन असते साडेतीन मीटरची. म्हणजे पुढची वस्तू तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे एकट्या रडारला धड सांगता येत नाही. उलट, साध्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक पिक्सेल तेवढ्याच अंतरावर सुमारे ५ सेंटिमीटरचा असतो. पण ती वस्तू ९० मीटरवर आहे की ११०, आणि ती किती वेगाने जवळ येतेय, हे कॅमेरा अंदाजाने सांगतो. रडार ते थेट मोजतं. काळोखात मोजतं, धुक्यातही मोजतं. एकाला दिशा कळते, दुसऱ्याला अंतर आणि वेग.

गाळपाच्या हंगामात रात्री कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्याने गेला असाल, तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. खरं तर पाहिला नसेल. अगदी जवळ गेल्यावर दचकला असाल. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, वेग सायकलचा. कॅमेऱ्यासाठी तो काळोखातला काळोख. रडारला मात्र तो दुरूनच कळू शकतो, कारण त्याच्या आणि तुमच्या वेगातला फरक त्याला मोजता येतो. आता तोच ट्रॅक्टर बंद पडून उभा राहिला, तर? तर रडारची पंचाईत. रस्त्यावरचा लोखंडी फलक, कठडा, खांब हे सगळं उभंच असतं; प्रत्येकासाठी ब्रेक मारत बसायला नको म्हणून अनेक गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्थिर वस्तूंकडे चक्क काणाडोळा करतं. तिथे कॅमेरा हवा. माणसाच्या अंगावरून परतणारा रडारचा प्रतिध्वनीही ट्रकच्या मानाने फारच क्षीण असतो. मी रडारचा भक्त नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

‘पण दोन्ही बसवायचे कुठे? जागा? खर्च?’ जागेचं रडगाणं तर सांगूच नका. डेल्फी कंपनीने रडार आणि कॅमेरा एकाच डबीत घालून ती आरशामागे, पुढच्या काचेला चिकटवून दाखवली, आणि व्होल्वोच्या एक्ससी ९०मध्ये ती आली, त्यालाही आता दहा वर्षं झाली. जागाही मोक्याची : चिखल उडत नाही, बंपरला कुणी ठोकलं तरी रडार वाकडं होत नाही, आणि काच पुसायला वायपर आहेच. काचेतून जाताना रडारची थोडी ताकद खर्च होते आणि डबी लहान म्हणून अँटेनाही लहान राहते, हे खरं. पण अँटेना लहान झाल्यामुळे जी दिशा धूसर होते, ती भरून काढायला शेजारी, त्याच डबीत, कॅमेरा बसलेला असतो.

दोन्ही बसवले की झालं, असंही नाही. १८ मार्च २०१८च्या रात्री अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेम्पी गावी, उबरच्या चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. सुरक्षेसाठी आत बसवलेल्या चालकाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. सरकारी तपासात निघालं की गाडीच्या रडारला ती बाई ५.६ सेकंद आधी ‘दिसली’ होती. गाडीच्या वेगाने हे अंतर शंभर मीटरच्या वर भरतं. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन म्हणे, कधी सायकल, कधी नुसतीच ‘इतर’ वस्तू. आणि नाव बदललं की आधी ती कुठून कुठे सरकली हे विसरून जाई. वर आणखी एक कहर : झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल, हे त्या सॉफ्टवेअरच्या गावीच नव्हतं!

हे वाचल्यावर मला आधी आपलाच रस्ता दिसला. आपल्याकडे झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडणारा माणूस शोधावा लागतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा चित्रसंच तयार केला, त्यात रिक्षा आणि जनावरं यांना स्वतंत्र वर्ग द्यावे लागले. जर्मन शहरांतल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला रिक्षा माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मंडपाचे बांबू आडवे धरून चाललेली दुचाकी आणि भंगाराची हातगाडी यांची नावं कॅमेऱ्याला कोण, किती शिकवणार? समोर काहीतरी आहे आणि ते जवळ येतंय, एवढं नाव न विचारता सांगणारा कुणीतरी त्या डबीत हवा.

राहिला खर्च. शोरूममध्ये ‘अडास’ म्हणजे वरच्या मॉडेलवरचा एक बिल्ला असतो. आत काय आहे, असं मी एका ठिकाणी विचारलं, तर सेल्समनने मला सनरूफ उघडून दाखवलं. त्या पोराचा दोष नाही. गिऱ्हाईक तेच विचारतं. मुळात वाचवलेल्या रडारचे पैसे कंपनीच्या आणि गिऱ्हाइकाच्या खिशात राहतात, आणि किंमत गाडीबाहेरचा मोजतो. २०२२च्या त्याच आकड्यात ३२,८२५ पादचारी होते आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. शंभरातले चौसष्ट. यांतल्या कुणीही ती गाडी पसंत केली नव्हती.

म्हणून हा निर्णय गिऱ्हाइकाच्या आवडीवर सोडायला माझा विरोध आहे. भारत एनकॅप २०२३मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे तारे ठरले ते आत बसलेल्या मोठ्यांसाठी आणि आत बसलेल्या मुलांसाठी. बाहेरच्यांसाठीही तारे द्या. चाचणी रात्री घ्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर. समोर बिनलाइटची ट्रॉली ठेवा, एकदा चालती आणि एकदा उभी. मग हातगाडी ढकलणारा पुतळा मध्येच आडवा जाऊ द्या, झेब्रा पट्टे न आखता. एका कॅमेऱ्याच्या जोरावर जी गाडी यात पास होईल, तिला खुशाल पाच तारे द्या.