निदानानंतर घरच्यांना कोण शिकवणार?

मा. संपादक,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्तचा आपला लेख वाचला. देशात साठीपुढील ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, हा आकडा मथळ्यातही आला. औषधे झाली, शब्दकोडी झाली. पण निदान कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी वागायचे कसे, यावर एक ओळही नाही. ८८ लाख रुग्ण म्हणजे जवळजवळ तितकीच घरे. त्यांचे काय?

माझी आई सांगलीला भावाकडे असते. निदान झाले तेव्हा वहिनीच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी पडली आणि ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे वाक्य. दिवेलागणीला आई दाराशी जाऊन ‘मला घरी जायचंय’ म्हणते. वहिनी सांगायची, ‘आई, हेच आपलं घर.’ मग वाद, मग रडणे. अशा वेळी वाद घालायचा नाही, माहेरचा विषय काढून आत न्यायचे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. मी ते इथे अमेरिकेत शिकले आणि फोनवरून तिला सांगितले. तोवर आठ महिने गेले होते आणि नातेवाइकांनी ‘सुनेला सासू जड झाली’ असे ठरवूनही टाकले होते.

इथे मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने, जुलै २०२४ पासून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी गाइड नावाची योजना सुरू केली आहे. तिच्यात सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षणही धरले आहे. ‘अमेरिकेला परवडते’ हे उत्तर मला नको. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघर पाठवले. ८१ कुटुंबांच्या या चाचणीत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. हे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे! शेजारच्या गोव्यातले हे काम महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात का पोचू नये? आणि ते आशाताईंवर टाकणार असाल, तर त्याचे वेगळे मानधन आधी ठरवा. फुकटची कामे त्यांच्या माथी पुष्कळ मारून झाली.

आम्ही परदेशातलेही कमी दोषी नाही. इथे मॉरिसव्हिलमध्ये सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील विसरू लागले की त्यांना कार्यक्रमांना आणणे बंद होते. विचारले तर ‘गुडघे दुखतात’ असे सांगतात. दोन वर्षांपूर्वी आई इथे आली होती तेव्हा मीही हेच सांगितले होते.

आपल्या आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला एक रकाना या घरांसाठी द्यावा. अंघोळीला नकार दिला तर काय करावे, रात्री दार उघडून बाहेर गेले तर काय, इतके साधे लिहा. वहिनी तो कापून ठेवील.

— एक वाचक, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना