स्लायडर सरकवून पृथ्वी वाचत नाही

गेल्या महिन्यात आमच्या कन्येने शाळेच्या प्रकल्पासाठी 'एन-रोड्स' हे हवामानाचे सिम्युलेशन उघडले. दहा मिनिटांत २१०० सालची तापमानवाढ दोन अंशांखाली आणली आणि एसी १८ वर लावून बाईसाहेब झोपी गेल्या!

माझे पोट सॉफ्टवेअरवर चालते. त्यामुळे मॉडेलमध्ये काय वगळले आहे, हे मी आधी बघतो. घरोघरचा 'कार्बन फूटप्रिंट' मोजणारा कॅल्क्युलेटर २००४ च्या सुमारास गाजवला, तो बीपी या तेल कंपनीने. म्हणजे तेल विकणाराच विचारणार, "तुमचा दोष किती?"

मग हे खेळ टाकाऊ का? मुळीच नाही. एन-रोड्सवर झाडे लावण्याचा स्लायडर टोकाला नेला तरी तापमान जेमतेम हलते. कार्बन महाग केला की चांगलेच उतरते. सिंगापूरने २०१९ मध्ये टनामागे ५ डॉलर कर लावला, २०२४ मध्ये तो २५ केला आणि २०२६ साठी ४५ जाहीर केला. मुलांनी शिकायचे ते हे.

पण दोष एकट्या आपला नाही, म्हणून आपण सुटलो असेही नाही. इथली सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. आपला एसी म्हणजे जळता वायूच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: सिम्युलेशन संपले की मुलांच्या हाती विजेचे बिल द्या. आमचा एसी आता २५ वर आहे. कन्या रुसली आहे. रुसू दे! पडद्यावर तिला घाम फुटला नव्हता. अभ्यास आत्ता कुठे सुरू झालाय.